अर्ज, मेल की कव्हर लेटर: कुठे काय पाठवायचं?

भाचीने परवा माझ्यासमोर तीन जाहिराती ठेवल्या आणि एकच पीडीएफ. "मावशी, हेच तिन्हीकडे टाकू ना?" तिन्ही जागा अकाउंट्सच्याच. एक तालुक्याच्या शिक्षण संस्थेत, एक अंबड एमआयडीसीतल्या पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यात, एक हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत. पीडीएफ उघडली. पहिली ओळ, 'आय ॲम रायटिंग टू एक्सप्रेस माय कीन इंटरेस्ट'. पुढे वाचायची गरज नव्हती. बारा वर्षं कारखान्यात भरतीचं काम बघतेय, ही ओळ मला झोपेतही पाठ आहे.

पत्र एकच असलं तरी तिन्हीकडे ते वाचणारा माणूस वेगळा, आणि वाचायची तऱ्हाही वेगळी. म्हणून तिला म्हटलं, आधी ते कुणाच्या हातात पडणार ते बघू.

संस्थेतला अर्ज

हा आपण शाळेत शिकलो तोच. प्रति, विषय, संदर्भ, महोदय, 'वरील विषयास अनुसरून', शेवटी आपली विश्वासू. हल्लीच्या मुलांना तो जुनाट वाटतो. पण असा अर्ज आधी आवक नोंदवहीत चढतो, त्यावर क्रमांक आणि तारखेचा शिक्का पडतो, मग कुणीतरी तो फाइलला लावतं. लावणारा माणूस विषय आणि संदर्भ एवढंच बघतो. संस्थेच्या तीन जाहिराती एकाच आठवड्यात निघाल्या असतील आणि तुमच्या अर्जात जाहिरातीची तारीख नसेल, तर तो भलत्याच गठ्ठ्यात जाऊन बसायचा.

त्यामुळे इथे शैली दाखवायला जाऊ नका. पात्रतेचा तक्ता, अनुभव, सोबत जोडलेल्या प्रतींची यादी, खाली सही. स्वतः नेऊन दिलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, टपालाने धाडलात तर पावती जपून ठेवा. टायपिंगच्या दुकानातून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये करून आणलेला मजकूर मेलमध्ये चिकटवू नका. समोरच्याला नुसती गिचमिड दिसते. युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर पीडीएफ करून पाठवा.

एमपीएससी किंवा शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलला असल्या पत्राचा प्रश्नच नाही. तिथे ऑनलाइन फॉर्म.

कारखान्याला मेल

इथे मी जरा जास्त वेळ घालवला, कारण हा प्रकार मला आतून माहीत आहे. छोट्या कारखान्यात अर्ज मालक स्वतः बघतो, तोही मोबाइलवर, एका हातात चहा आणि समोर सुपरवायझर काहीतरी सांगत असताना. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' एवढंच लिहून खाली दोन पीडीएफ जोडल्या, तर तो एक उघडेल, फार तर. ती रेझ्युमेची असते. कव्हर लेटरची फाइल तशीच राहते. म्हणून मेलच्या मजकुरालाच पत्र समजायचं, वेगळी फाइल नको.

विषयाच्या ओळीत 'जॉब ॲप्लिकेशन' नको. 'अकाउंटंट, टॅली व जीएसटी, 2 वर्षं, राहणार इंदिरानगर' असं चालेल. राहण्याचं ठिकाण क्षुल्लक वाटतं, पण रोज वेळेवर येणार का, ही मालकाची पहिली काळजी असते.

भाचीने मजकूर लिहिला होता तो असा: 'मी मेहनती, प्रामाणिक असून नवीन शिकण्याची आवड आहे. मी टीममध्ये तसेच स्वतंत्रपणे काम करू शकते.' मी विचारलं, सीएच्या ऑफिसात दिवसभर करतेस काय? तर म्हणाली, "काही नाही गं, तेच रोजचं." खोदून खोदून विचारल्यावर जे निघालं ते तिच्याच शब्दांत उतरवलं (आर-1 आणि 3बी ही जीएसटीची रिटर्न, टू-बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या रिटर्नवरून बनणारी इनपुट क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीच्या वजावटीची यादी):

'सीए ऑफिसमध्ये दोन वर्षं आहे. 22 क्लायंटचं जीएसटी माझ्याकडे असतं, म्हणजे दर महिन्याला 11 तारखेला आर-1 आणि 20 तारखेला 3बी. टू-बी आणि खरेदीचं रजिस्टर जुळलं नाही तर पुरवठादाराच्या मागे मीच लागते. मागच्या वर्षी एका क्लायंटचं 1 लाख 80 हजारांचं इनपुट क्रेडिट असंच अडकलं होतं, ते सुटलं. टॅलीवर रोजचं काम आहे. एक तारखेपासून येऊ शकते.'

झालं. क्लायंटचं नाव कुठेही नाही, ते द्यायचंही नसतं. पण ज्या मालकाचं क्रेडिट पुरवठादाराने रिटर्न न भरल्यामुळे अडकलंय, त्याला ही मुलगी काय कामाची ते पाच ओळींत कळतं. मेहनती, प्रामाणिक हे शब्द न वापरताही कळतं. भाषा मराठी की इंग्रजी? जाहिरात ज्या भाषेत असेल त्या भाषेत.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर जाहिरातीत नंबर दिला असेल तरच. हाच मजकूर, एकाच मेसेजमध्ये, आणि फाइलला स्वतःचं नाव. 'रेझ्युमे फायनल 2' नावाच्या फाइली माझ्याकडे ढिगाने पडल्यात.

पानभराचं कव्हर लेटर

हिंजवडीच्या पोर्टलवर कव्हर लेटरचा रकाना आहे आणि शेजारी 'ऐच्छिक' लिहिलंय. मोठ्या कंपनीत पहिली चाळण रेझ्युमेवरच होते. पत्र वाचलं गेलंच तर मुलाखतीच्या आधी, ज्याच्या हाताखाली काम करायचं तो वाचतो. म्हणून माझं मत असं: रेझ्युमे बघून ज्याचं उत्तर मिळत नाही असा प्रश्न पडणार असेल तरच पत्र लिहा. मध्ये दोन वर्षं घरी होतात, शहर बदलताय, क्षेत्र बदलताय. असलं काही नसेल तर रकाना रिकामा ठेवा. घासून गुळगुळीत झालेल्या पत्रापेक्षा रिकामा रकाना बरा. हे न पटणारे लोक आहेत, मला माहीत आहे.

भाचीच्या बाबतीत प्रश्न दोन. सीए ऑफिसातून कंपनीत का यायचंय, आणि मोठ्या कंपन्यांत वापरतात ते सॅप हे सॉफ्टवेअर येत नाही त्याचं काय. हे दोनच मुद्दे पाऊण पानात इंग्रजीत लिही म्हटलं, कारण तिथलं काम इंग्रजीतच चालतं. सॅप येत नाही हे लपवू नकोस. टॅलीवर काय काय केलंस ते सांग आणि सॅप कुठवर शिकलीस ते लिही. शिकायला अजून सुरुवात केली नसलीस तर आधी सुरुवात कर आणि मग लिही.

चॅटजीपीटीला विचारू का, हे तिने विचारलंच. स्पेलिंग तपासून घे, मजकूर नको. तोच मजकूर आणखी पन्नास जणांनी मागितलेला असतो.

आणि कंपनीचं नाव तीनदा तपास. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी मी एका कंपनीच्या पत्रात दुसरीचं नाव तसंच ठेवलं होतं. तिकडून सभ्य उत्तर आलं: आपला अर्ज योग्य ठिकाणी पाठवावा, ही विनंती.

जाता जाता, जर्मनीचा विचार करणाऱ्यांसाठी. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आमच्याकडेही त्याची विचारणा होते. तिथल्या पत्राला 'आन्श्राइबन' म्हणतात. एक पान, मांडणी डीआयएन 5008 या मानकाची, ठिकाण, तारीख आणि सही. आपल्या 'प्रति, विषय'वाल्या अर्जाच्या फार जवळचं आहे ते. गंमत म्हणजे तिथल्या रेल्वेने, डॉइच बाननेच, 2018 मध्ये प्रशिक्षणार्थींसाठी हे पत्र मागायचं बंद केलं.

संस्थेचा अर्ज भाचीने दुसऱ्या दिवशी नेऊन दिला, पोच घेतली. कारखान्याचा मेल त्याच रात्री गेला होता. सकाळी साडेनऊला उत्तर आलं: 'आमचं पण टू-बी जुळत नाही. शनिवारी येता का?'

हिंजवडीचं पत्र अजून अर्धंच आहे.