रॉटवायलर, अकरा महिन्यांनंतर: गोठ्याला उपयोगी, बागेला नाही

गुहागरजवळच्या आमच्या कलमांच्या बागेत राखणीसाठी म्हणून गेल्या नोव्हेंबरात दोन वर्षांचा रॉटवायलर नर आणला. आंब्याचा एक हंगाम आणि एक पुरा पावसाळा त्याने आमच्याकडे काढला आहे, तेव्हा आता त्याच्याविषयी लिहायला हरकत नाही. 'बागेला एकटा पुरेल' असे विकणाऱ्याने सांगितले होते. ते खरे ठरले नाही. मात्र दोष कुत्र्याचा नसून, जातीचे मूळ काम न विचारता ती घेणाऱ्या माझा आहे.

ही जात मुळात गुरे हाकणाऱ्यांची. दक्षिण जर्मनीतील रॉटवाइल हे तिचे गाव. तेथे सापडलेल्या रोमन काळातील लाल कौलांवरून गावाला हे नाव पडले असे सांगतात, आणि रोमन सैन्याच्या खाण्यासाठी आल्प्स ओलांडून चालवत आणलेली गुरे राखणारे कुत्रे हे या जातीचे पूर्वज मानले जातात. पुढे गाव गुरांची मोठी बाजारपेठ झाले, तेव्हा खाटकांनी हे कुत्रे गुरे हाकण्यासाठी आणि मांसाच्या गाड्या ओढण्यासाठी पाळले. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, रस्त्याने गुरे नेणे थांबले आणि जात जवळजवळ संपली. 1910 मध्ये जर्मनीत पोलिसी कामासाठी मान्यता मिळाल्यावर आणि 1921 मध्ये तिचा राष्ट्रीय संघ स्थापन झाल्यावर ती सावरली.

हा इतिहास मला गोठ्यात दिसला. ब्रुनो (आमचे गडी त्याला 'बुरणो' म्हणतात) म्हशीच्या पायाला तोंड लावत नाही; खांदा तिच्या बरगड्यांना टेकवतो आणि रेटतो. हे त्याला कोणी शिकवलेले नाही. दुसऱ्याच आठवड्यात पाणंदीत अडून बसलेली रेडी त्याने अशीच घरापर्यंत आणली. नराची उंची 61 ते 68 सेंटिमीटर आणि वजन 50 किलोच्या आसपास असते. आमचा 47 किलोचा आहे, त्यामुळे रेटा भारी असतो. माणसांवरही तो हेच करतो, आणि खळ्यात उभ्या असलेल्या आत्याला त्याने प्रेमानेच टेकून खाली बसवले, तेव्हापासून ती त्याला लांबूनच भाकरी टाकते.

स्वभाव शांत आहे. भुंकणे फार कमी. परका माणूस बेड्यापाशी (कुंपणाच्या फाटकापाशी) आला की तो वाटेत आडवा उभा राहतो आणि आधी माझ्याकडे पाहतो. मुलांशी सौम्य, पण हट्टी. दोनदा सांगितलेली गोष्ट तिसऱ्यांदा ऐकेलच असे नाही, आणि रिकामा राहिला तर उंबऱ्याची चौकट कुरतडतो. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पाठवलेल्या पत्रात घातक म्हणून ज्या 23 जाती होत्या, त्यांत ही जात होती. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. माझे मत असे, की नवशिक्याने ही जात घेऊ नये, कारण एवढ्या ताकदीचे जनावर लहानपणी माणसांत वावरले नाही, तर मोठेपणी आवरत नाही.

आता बाग. वानर कलमावर चढले की हा खाली बसून वर पाहतो, एवढेच. रात्री राखण करावी तर बिबट्याची भीती. आमच्या वाडीतले दोन कुत्रे त्याने नेले आहेत, म्हणून अंधार पडताच राखणदाराला पडवीत बंद करून कडी घालावी लागते. एप्रिल-मेमध्ये काळ्या दाट केसांमुळे सकाळी नऊलाच तो धापा टाकू लागे, तेव्हा फिरणे सूर्योदयापूर्वीच उरकावे लागले. पावसाळ्यात गोचीड आणि ओलसर कातडीवरचे चट्टे यांनी जीव नकोसा केला. लेप्टोची लस दरवर्षी टोचून घ्यावी, कारण कोकणात पावसाळी चिखलपाण्यातून तो रोग येतो. खाणे दोन वेळांत विभागून द्यावे आणि जेवल्यावर पळवू नये. अशा रुंद छातीच्या मोठ्या कुत्र्यांचे पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो.

वानरांसाठी यंदा दोन गावठी कुत्रे पाळले आहेत. ते दिवसभर भुंकतात आणि पळतात. ब्रुनोकडे फक्त गुरांची सकाळ-संध्याकाळची वाट सोपवली आहे, आणि पुढच्या पावसाआधी पडवीत त्याच्यासाठी जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळी घालून घेणार आहे.