ड्रॅगन हान दरबारातला की नाग कान्हेरीचा?
कादंबरी लिहायची आहे: रूप बदलणारा नायक, काळोखी प्रेमकथा, प्राचीन साम्राज्य. एवढं ठरलं की प्रश्न उरतो दरबाराचा: चीनचे हान की दख्खनचे सातवाहन?

हानांकडे ड्रॅगन आयताच आहे. इ.स.पू. 202 मध्ये सम्राट झालेला लिऊ बांग ड्रॅगनपासून जन्मला, अशी दंतकथा इतिहासकार सिमा छ्येननेच नोंदवली आहे. हा ड्रॅगन पाऊस आणतो, पंखांशिवाय ढगांत शिरतो. जुलैतल्या मुंबईकराला तो लगेच पटेल.

सातवाहनांकडे ड्रॅगन नाही, नाग आहे. पण प्रेमातला खरा काळोख इथेच! बोरिवलीला उतरून कान्हेरीची लेणी गाठा. तिथल्या पाण्याच्या टाक्यावरच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची, म्हणजे शक राजाची, मुलगी असल्याचं कोरलंय. त्या महाक्षत्रपाच्या नावाचं फक्त ‘रु’ उरलंय; अभ्यासक तो रुद्रदामन मानतात. राणीचं नाव तर झिजूनच गेलंय. आणि जुनागढच्या लेखात रुद्रदामन म्हणतो, सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे संपवलं नाही. हा सातकर्णी तोच धरला, तर बाप जिंकतोय, नवरा हरतोय, आणि ही मधे. रात्री नागीण होऊन ती कुणाच्या छावणीत शिरेल? 

नायकाला आभाळात उडवायचंच असेल तर हान घ्या. मला विचाराल तर सातवाहनच, त्या नाव गेलेल्या राणीसाठी.