सांगलीत ‘नॅचरल पीएच’च्या नावाखाली माझे 4,460 रुपये गेले, पांढरे दगड घेताना जपा

दुकानाचं नाव लिहीत नाही, पण विकायची पद्धत ओळखू येईल एवढं सगळं लिहितो.

लेकीच्या वाढदिवसाला माशांची तीन फुटी टाकी आणली. आमच्याकडं बोअरचं पाणी, पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, 7 च्या खाली आम्ल) 7.8 भरला. दुकानदार म्हणाला, “सर, निऑन माशांना हे चालत नाही. केमिकल कशाला, नॅचरल करू की!” केमिकल नको हे मीही वाचलं होतं, म्हणून विश्वास बसला. कुणाचाही बसला असता.

‘पीएच उतरवणारे’ पांढरे दगड 5 किलो, 900 रुपये. लाकूड 1,450. बदामाची ‘इम्पोर्टेड’ पानं 20, त्यांचे 500. लेबल नसलेली बाटली 650. बारा निऑन आणि चार एंजल मासे, 960. बिल मागितलं तर कागदाच्या चिटोऱ्यावर नुसते आकडे.

दगड धुताना बादलीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं. बोटांना चुन्यासारखी भुकटी. बायको म्हणाली, “अहो, फरशीवाल्याकडं पडलेले असतात ते संगमरवराचे तुकडे हे.” मी तिलाच गप्प केलं. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. त्याच वेळी एका तुकड्यावर व्हिनेगर टाकलं असतं तर कळलं असतं. नंतर टाकलं, फसफसून बुडबुडे आले. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते विरघळलं की पीएच वाढतो! दगड घ्यायच्या आधी दुकानातच व्हिनेगर टाकून बघा, दुकानदार चिडला तर चिडू दे.

बाटलीतलं औषध घातलं की संध्याकाळी 6.8, सकाळी परत 8.2. आम्ल दगडाला खात होतं आणि दगड पीएच पुन्हा वर ओढत होता. त्यात टाकी आणि मासे त्यानं एकाच दिवशी दिलेले. नव्या टाकीत माशांच्या घाणीतून अमोनिया साठतो आणि पीएच चढला की तो जास्त विषारी होतो. सहा दिवसांत बाराही निऑन गेले, एंजल एकच राहिला. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही.

पानांचं तर ऐका. आमच्याच गल्लीत देशी बदामाचं झाड आहे, खाली लाल पानांचा सडा असतो. ती वाळवून फुकट वापरता येतात, फक्त औषध फवारलेल्या झाडाची नकोत. पण कडक, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात पानांनी आणि लाकडानं पीएच फारसा उतरत नाही, पाणी तेवढं चहासारखं होतं. आधी कार्बोनेट कमी करावे लागतात, म्हणजे आरओचं पाणी मिसळायचं. हे त्याला माहीत नसेल? वीस वर्षांचं दुकान आहे म्हणून सांगत होता.

दुकानदाराचं उत्तर, “पाणीच खराब तुमचं.” पोलीस ठाण्यात, “माशांची कसली तक्रार?” तिथून दुसऱ्या कचेरीत, तिथं पक्कं बिल आणा म्हणाले. बिल दिलंच नाही हीच तर तक्रार आहे! तिसऱ्या खेपेला साहेब जागेवर नव्हते, चौथ्या खेपेला अर्ज सापडला नाही. रिक्षालाच 240 रुपये गेले, दोन रजा गेल्या, आणि अर्जाची पोच आजतागायत मिळालेली नाही. 5 लाखांपर्यंतच्या ग्राहक तक्रारीला फी नाही, हे एकानंही सांगितलं नाही, मलाच शोधून काढावं लागलं.

पक्कं बिल नसेल तर पैसे काढू नका. मासे सोडायच्या आधी अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट (तेही विषारीच) शून्यावर येऊ द्या, चार-सहा आठवडे लागतात. बोअरचं पाणी असेल तर गप्पी, मॉली पाळा, त्यांना कडक पाणी मानवतं.

परवा त्याच दुकानावरून गेलो. पांढऱ्या दगडांचं पोतं दारातच उघडं ठेवलेलं होतं.