जुनं बिलिंग सॉफ्टवेअर ‘एक्स्चेंज’मध्ये देताय? आधी हे वाचा

निफाड तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, औषधं, बियाणं, आणि धंदा बहुतांश उधारीवर. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की शेतकरी माल न्यायला लागतो, आणि पैसे येतात ते बागेचा व्यवहार झाल्यावर. मधल्या काळात त्याच्या आणि आमच्यामध्ये असतात ती फक्त बिलं आणि जमा पावत्या. ही सगळी नोंद एका जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये होती. नवं सॉफ्टवेअर विकायला आलेल्या एका माणसाने ती आमच्याकडून काढून घेऊन आम्हालाच परत विकायचा प्रयत्न केला. आमच्या भागातल्या आणखी दुकानदारांकडे तोच माणूस फिरतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

निमित्त जीएसटीचं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, ठरावीक जैविक कीटकनाशकांचंही तसंच झालं, रासायनिक औषधं १८ वरच राहिली. पुढच्याच महिन्यात हा माणूस दुकानात आला. “शेठ, तुमच्या जुन्या व्हर्जनमध्ये नवे दर बसणारच नाहीत. नोटीस आली की तुमचे सीएसुद्धा हात वर करतील.” हे धादांत खोटं होतं. कराचा दर हा आयटमच्या मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या मूळ यादीत, बदलायचा एक आकडा असतो. आमच्या कर सल्लागारांनी नंतर जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये तो आमच्यासमोर बदलून दाखवला. पण ऐन छाटणीच्या हंगामात, काउंटरवर गर्दी असताना ‘नोटीस’ हा शब्द ऐकवायचा, यातच त्याचं कसब होतं.

सौदा असा: नवं सॉफ्टवेअर ३८ हजार, जुना डेटा नव्यात आणून देण्याचे १२ हजार, आणि जुनं यूएसबी लॉक (पेन ड्राईव्हसारखी किल्ली, ती कॉम्प्युटरला लावली तरच सॉफ्टवेअर उघडतं) परत दिलं तर ‘कंपनीच्या एक्स्चेंज स्कीम’मध्ये १० हजारांची सूट. त्याने लॅपटॉपवर डेमो दाखवला. शेतकऱ्याचं नाव टाकलं की बिलं, पावत्या, बाकी सगळं झरझर समोर. तो डेटा त्याचा स्वतःचा, डेमोसाठी बनवलेला होता. दिलेला कागद म्हणजे साधं कोटेशन, त्यावर जीएसटी नंबर नाही, आणि पैसे यूपीआयने घेतले ते वैयक्तिक खात्यावर. त्याने नवं सॉफ्टवेअर चालू केलं, जुन्या डेटाचा बॅकअप पेन ड्राईव्हवर घेतला, आणि लॉक काढून खिशात टाकलं. ते कंपनीला पाठवावं लागतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ काउंटरवर बसला, तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याच्या खात्यावर एकच ओळ होती: ‘आरंभीची बाकी’. बिलवार काहीच नाही. उधारीच्या धंद्यात याचा अर्थ काय, ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. त्याच आठवड्यात एक जुने गिऱ्हाईक आले. आमचीच बिलं त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवलेली. त्यांनी ती एकेक करून काउंटरवर मांडली आणि म्हणाले, “अण्णा, यातली कोणती फिटली आणि कोणती राहिली, तेवढं सांगा.” अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, सांगायला फक्त एक एकूण आकडा होता. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पण तीन पिढ्यांच्या व्यवहारात पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत शंका दिसली. त्या एका क्षणासाठी मी त्या सॉफ्टवेअरवाल्याला माफ करणार नाही.

आम्ही आरडाओरडा केल्यावर त्याने एक मुलगा पाठवला. त्या मुलाने बॅकअपमधून एक्सेल फाईल काढली आणि ती नव्यात चढवली. मग जे झालं ते सगळ्या खत-औषध दुकानदारांनी नीट समजून घ्यावं, कारण आपल्याच धंद्यातली नावं एक्सेलला चकवतात. १०:२६:२६ ही खताची ग्रेड आहे, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण. एक्सेलला ती सकाळचे दहा वाजून सव्वीस मिनिटं वाटते. रकाना आकड्यांचा केला की त्याचं ०.४३५०२३१४८ होतं. आमच्या साठ्याच्या यादीत खताच्या गोण्या याच नावाने उभ्या होत्या. १९:१९:१९ चं ०.८०५ झालं होतं. औषधाचा बॅच नंबर आकडे, मध्ये इंग्रजी ई आणि पुन्हा आकडे असा असेल, तर एक्सेल त्याला गणिती संख्या समजतं. २४ई०६ चे दोन कोटी चाळीस लाख होतात. बटाटा बियाण्याचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा कोड, ०७०१, त्यातलं पुढचं शून्य गळून ७०१ उरलं.

तारखांनी तर उधारीचं वाटोळं केलं. आपण आधी दिवस लिहितो, नव्या सॉफ्टवेअरची फाईल आधी महिना मागत होती. त्यामुळे ५ नोव्हेंबरची जमा पावती ११ मे रोजी जाऊन बसली, आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी, तेरावा महिना नसल्यामुळे, चढल्याच नाहीत. वगळलेल्या ओळींची वेगळी फाईल तयार झाली होती. ती त्या मुलाने आम्हाला दाखवलीच नाही, भावाला ती नंतर एका फोल्डरमध्ये सापडली. म्हणजे महिन्याच्या उत्तरार्धात ज्यांनी पैसे भरले, ते सगळे आमच्या लेखी थकबाकीदार.

नावांचंही तेच. जुना डेटा युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये होता. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. नीट कन्व्हर्टर वापरला नाही तर शिंदे शोधून सापडत नाहीत आणि कर्डिलेंचा रफार भलतीकडेच जातो. गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असताना नाव बिघडलं की बाकी कोणाच्या नावे मांडायची?

आणि हे फक्त उधारीपुरतं नाही. कृषी विभागाचे गुणवत्ता नियंत्रण निरीक्षक येतात तेव्हा साठा रजिस्टर, बॅच, मुदत संपण्याची तारीख आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ लागावा लागतो. नाही लागला तर विक्री बंद आदेश मिळू शकतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यावेळी सॉफ्टवेअरवाला सोबत उभा राहत नाही.

आता खरी फसवणूक. आम्ही म्हणालो, नवं नको, आमचं जुनं चालू करून दे. तर लॉक ‘सरेंडर झालंय’. लॉकशिवाय जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि बॅकअप आम्हाला दुसऱ्या कशात वाचता येत नाही. मग हळूच सांगितलं, मागच्या प्रत्येक वर्षाच्या डेटाचे वेगळे ९ हजार पडतील. म्हणजे ते १२ हजार निव्वळ बाक्यांच्या बेरजेचे होते! शेवटी आम्ही जुनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्याच कार्यालयाला मूळ खरेदीचं बिल पाठवलं. त्यांनी स्पष्ट कळवलं: अशी कोणतीही एक्स्चेंज स्कीम नाही, लॉक त्यांच्याकडे आलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी तात्पुरता परवाना चालू करून दिला म्हणून आमचा डेटा वाचला. ते लॉक कुठे गेलं ते हा माणूस आजही सांगत नाही. आमच्या शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर असलेला पेन ड्राईव्हही त्याच्याकडेच आहे.

तुमच्याकडे असा कोणी आला तर जुनं लॉक, जुना कॉम्प्युटर आणि पासवर्ड हातचा सोडू नका. जी स्कीम सांगतो, ती मूळ कंपनीला फोन करून विचारा. डेमो त्याच्या डेटावर नाही, तुमच्या दहा-वीस खात्यांवर मागा, आणि त्यात सर्वांत गुंतागुंतीचं खातं मुद्दाम द्या: अर्धवट जमा, परत आलेला माल, दोन हंगामांची उधारी. बिलवार बाकी, जमा पावत्या, बॅचवार साठा आणि मागची किती वर्षं येणार, हे कोटेशनवर लिहून घ्या. बदल हंगामात नको, १ एप्रिलला करा. एकाच तारखेचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी) जुन्यातून आणि नव्यातून काढून शेजारी ठेवा, आणि बेरीज जुळली तरी थांबू नका, बिलवार येणेबाकीची यादी खात्यागणिक ताडून पाहा. बेरीज आमचीही पहिल्या दिवशी जुळत होती. निम्मे पैसे हे सगळं जुळल्यावरच द्या, ते जीएसटी बिलावर आणि फर्मच्या खात्यात.

तक्रारीबद्दल बरेच जण विचारतात. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, असं तो माणूस आम्हाला छातीठोकपणे सांगत होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतू वगळला आहे हे खरं, पण स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या ‘व्यापारी हेतू’त धरलेली नाही. आमच्यासारख्या घरच्या माणसांनी चालवलेल्या दुकानाला तिथे जागा असू शकते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाता येतं, आणि सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. आम्ही तिथे नोंदवली आहे, आणि लॉक नेल्याबद्दल पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे. कोटेशन, यूपीआयच्या नोंदी, मूळ कंपनीचं पत्र आणि ती वगळलेल्या ओळींची फाईल, सगळं जोडलंय. जिल्ह्यात आणखी कोणाचं लॉक असंच गेलं असेल, तर त्यांनीही आपापला अर्ज द्यावा. एकट्याचा अर्ज ‘व्यवहारातला वाद’ म्हणून बाजूला ठेवला जातो, चार-पाच जणांचे आले तर तो ठेवता येणार नाही.