‘अनलिमिटेड’ सिम, हॉटस्पॉट आणि गेलेले 340 डॉलर

या उन्हाळ्यात ज्यांचे आई-वडील किंवा सासू-सासरे अमेरिकेत येणार आहेत, त्यांनी सिम घ्यायला जाण्याआधी हे वाचा. आम्ही एकूण 420 डॉलर मोजले. त्यातले 80 कारणी लागले, 340 पाण्यात गेले. लिहायला लाज वाटते, कारण मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि घरातले सगळे असले व्यवहार माझ्यावर सोपवून मोकळे होतात.

आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे, एप्रिलमध्ये साताऱ्याहून न्यू जर्सीला आले. नेमकं त्याच आठवड्यात आम्ही घर बदललं. नव्या घरी इंटरनेट जोडायला येणारा माणूस दोनदा तारीख देऊन आला नाही. दोघांना सिम तर घ्यायचीच होती, तेव्हा म्हटलं हॉटस्पॉटवर टीव्ही चालेल, नेट लागेपर्यंत वेळ निभावेल. देशी दुकानांच्या रस्त्यावर एक मोबाइलवाला आहे, त्याच्याकडे गेलो. मी एकच प्रश्न विचारला, आणि तो स्पष्ट विचारला: हॉटस्पॉट चालेल ना? तो म्हणाला, “दीदी, सब अनलिमिटेड है, हॉटस्पॉट भी.” महिन्याला एका सिमचे 40 डॉलर, तीन महिन्यांचे आगाऊ भरायचे. दोन सिमचे 240, वर अ‍ॅक्टिव्हेशनचे प्रत्येकी 20. डेबिट कार्डावरून 280 डॉलर दिले.

बाबांना बाथरूमला जायचं होतं, आई प्रवासाने शिणून भिंतीला टेकून उभ्या होत्या. दुकानदाराने टॅबलेट माझ्याकडे फिरवला. पडद्यावर फक्त सहीची चौकट दिसत होती, बाकीचा मजकूर त्याने आधीच वर सरकवलेला. मी बोटाने सही केली. एकदा, फक्त एकदा मी तो पडदा खाली ओढून बघितला असता, तर हे काहीच झालं नसतं. त्या मजकुरात हॉटस्पॉटला 5 जीबीची मर्यादा होती, आणि ती संपली की दर 5 जीबीला 10 डॉलर आपोआप कापायला माझी संमती होती. पावतीवरही पुसट अक्षरांत ‘एचएस 5 जीबी’ आणि खाली ‘एआर ऑन’ छापलेलं होतं. एचएस म्हणजे हॉटस्पॉट, एआर म्हणजे ऑटो रिफिल. पावती मी घडी करून पर्समध्ये टाकली.

तिसऱ्या रात्री बाबांनी फोन पुढे केला. “अगं, हा मेसेज बघ जरा, दहा डॉलरचं काहीतरी लिहिलंय.” मी भाकऱ्या करत होते, हाताला पीठ होतं. लांबूनच बघितलं आणि म्हणाले, “जाहिरात असेल बाबा, डिलीट करा.” त्यांनी केला. त्यानंतर आलेले तसलेच मेसेज ते मला न विचारता डिलीट करत गेले, कारण मीच तसं सांगितलं होतं. हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

19 दिवसांनी बँकेचं खातं उघडलं तेव्हा 10 डॉलरच्या 14 ओळी. 140 डॉलर. नवऱ्याला दाखवलं तर तो आधी म्हणाला कार्ड चोरीला गेलं असेल. चोरी असती तर निदान पैसे परत मिळाले असते.

हिशोब नंतर कळला. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण 3 जीबी खातो. आई रोज दुपारी मालिका बघायच्या, दीड-दोन तास. म्हणजे दोन दिवस होण्याआधीच 5 जीबी खलास. त्यांना हे समजलं तेव्हा म्हणाल्या, “माझ्यामुळेच गेले का गं पैसे?” त्या दुकानदारावर माझा सगळ्यात जास्त राग आहे तो या एका वाक्यासाठी.

आता कोणी म्हणेल, तुला कळायला नको होतं का? भारतात इतकी वर्षं फोन वापरला, हॉटस्पॉटचे वेगळे पैसे कोणी मागितले नाहीत. रोजचा दीड-दोन जीबी डेटा आपला, तो फोनवर वापरा नाहीतर लॅपटॉपवर. रेल्वेत शेजारच्या पोराला फॉर्म भरायला हॉटस्पॉट देताना कोणाच्या मनात पैसे येतात? इकडे तसं नाही. इकडच्या कंपन्यांच्या लेखी फोनवरचा डेटा वेगळा आणि फोनमधून टीव्हीला दिलेला डेटा वेगळा. 2010 साली एटी अँड टी या इकडच्या मोठ्या मोबाइल कंपनीने 25 डॉलरच्या 2 जीबी प्लॅनवर नुसत्या टेदरिंगचे, म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या उपकरणाला देण्याचे, महिन्याला 20 डॉलर लावले होते, जास्तीचा डेटा शून्य. आता ते ‘अनलिमिटेड’ या शब्दाच्या पोटात लपवतात. फोनवर अनलिमिटेड खरं, हॉटस्पॉटला मोजून मापून.

कंपनीला कळतं कसं, तेही सांगते. ऑफिसातल्या नेटवर्कवाल्या मित्राने समजावलं. फोनमधून निघणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर एक आकडा असतो, बहुतेक फोनांत 64. तोच तुकडा दुसऱ्या उपकरणाकडून फोनमधून पुढे गेला की आकडा एकाने कमी होतो. 63 दिसला की समजायचं, मागे दुसरं काहीतरी जोडलंय. मोजायची आणखीही साधनं त्यांच्याकडे आहेत. म्हणून ‘त्यांना काय कळतंय’ या भरवशावर राहू नका.

दुकानात गेले. तो म्हणाला, पैसे कंपनीने कापले, मी काय करू? कंपनीला फोन केला, 47 मिनिटं गाणं ऐकलं, मग उत्तर मिळालं की दुकान स्वतंत्र डीलरचं आहे, तो तोंडी काय म्हणाला याला आम्ही जबाबदार नाही. चॅटवर चार वेगवेगळ्या लोकांना तीच कथा चार वेळा लिहिली. दर वेळी माणूस बदलला की पहिला प्रश्न, “आज मी आपली काय मदत करू?” बँकेकडे 14 व्यवहारांवर हरकत घेतली. त्यावर कंपनीने दोन्ही सिम बंद केली. पहिला महिना जेमतेम संपला होता, म्हणजे पुढच्या दोन महिन्यांचे आगाऊ भरलेले 160 डॉलरही गेले! आणि तीन आठवड्यांनी बँकेचं पत्र आलं की तुम्ही संमती दिली होती, सही आहे, हरकत फेटाळली. पोलिसांच्या साध्या नंबरवर फोन केला तर म्हणाले हा दिवाणी मामला. राज्याच्या ग्राहक खात्याला अर्ज केला, सोबत पावती, खात्याचा उतारा, चॅटचे फोटो, सगळं जोडलं. पोच आली, तक्रार क्रमांक आला, पुढे काही नाही. दोन महिने होत आले. फोन केला की सांगतात, तुमचा अर्ज रांगेत आहे. कसली रांग? माझ्यासारखे किती जण उभे आहेत तिथे, आणि तो दुकानदार तोपर्यंत आणखी किती जणांच्या आई-वडिलांना सिम विकणार आहे?

एफसीसीकडे, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इकडच्या केंद्रीय सरकारी संस्थेकडे, तक्रार करा, ती मोफत असते आणि कंपनीला 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. मी केली. कंपनीचं उत्तर आलं, त्यात माझीच सही मला दाखवली. तरीही करा, कारण चॅटवरचे लोक गायब होतात, हे उत्तर कागदावर राहतं.

आणि एक गोष्ट मला आधी माहीत असती तर! 2024 पासून इकडे मोबाइल इंटरनेट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला खाण्याच्या पाकिटावर असतो तसा तक्ता विकतानाच दाखवणं सक्तीचं आहे. महिन्याची किंमत, एकदाच लागणारे पैसे, किती डेटा, जास्तीच्या डेटाला किती, सगळं त्यात हवं. या तक्त्याचं नाव ब्रॉडबँड लेबल. दुकानात ‘ब्रॉडबँड लेबल दाखवा’ म्हणा. त्याने टाळाटाळ केली तर उठून बाहेर पडा. हॉटस्पॉट किती जीबी आणि संपल्यावर काय होतं, वेग कमी होतो की पैसे कापले जातात, हे त्याच्याकडून लिहून घ्या. ‘हो हो, चलता है’ला काही किंमत नाही.

डेबिट कार्ड देऊ नका. क्रेडिट कार्डावर निदान भांडताना पैसे आपल्या खात्यातून गेलेले नसतात. तीन महिन्यांचे आगाऊ भरू नका, स्वस्त पडलं तरी. पाहुण्यांच्या फोनवर आलेला एकही मेसेज न वाचता डिलीट करायला सांगू नका. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटने किती डेटा खाल्ला ते बऱ्याच फोनांत वेगळं दिसतं, पहिले चार दिवस रोज बघा. टीव्हीवर व्हिडिओचा दर्जा खाली आणून ठेवा.

घरचं नेट आता लागलंय. तरी टीव्ही लावण्याआधी आई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारतात, “लावू ना गं? पैसे नाही ना जाणार?”