परदेशी खेड्यात मिशनसेवा: दोन आठवडे जावे की दोन वर्षे?

नोकरीत पंधरा दिवसांची रजा मिळते आहे, मनात सेवेची खरी ओढ आहे आणि चर्चमधून दूरदेशीच्या एका खेड्यात तुकडी निघाली आहे. नाव द्यावे का? की थोडे थांबून, तयारी करून, वर्ष-दोन वर्षांसाठीच जावे? विचारणाऱ्याला बहुधा ‘जा, देव मार्ग दाखवील’ एवढेच उत्तर मिळते. तो मार्ग दाखवतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आपण चुकीचे निवडले तर त्याची झळ त्या गावातल्या माणसांना बसते, म्हणून दोन्ही वाटा नीट पाहून घ्याव्यात.

खर्चाच्या बाबतीत छोटी सहल वाटते तितकी स्वस्त नाही. 1998 मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासमधली हजारो घरे पाडली आणि ती उभारायला परदेशी मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, तुकड्या गेल्या. तिथेच काम करणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर या कामाचा अभ्यास केला. स्थानिक ख्रिस्ती संस्था एक घर सुमारे 2,000 डॉलरमध्ये बांधत होती. तेच घर बांधायला आलेल्या एका तुकडीचा विमानप्रवासासह खर्च सुमारे 30,000 डॉलरपर्यंत जाई. घर परदेशी पाहुण्यांनी बांधले की गावच्या गवंड्यांनी, याने त्या कुटुंबांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. म्हणून बांधकामाच्या सहलीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तुम्ही गवंडी किंवा सुतार नसाल तर तो पैसा तिथल्या मंडळीकडे पाठवा. त्यातून गावातल्याच माणसांना मजुरीही मिळेल.

दीर्घ सेवेत हिशेब वेगळा असतो. मेनोनाइट सेंट्रल कमिटी ही 1920 पासूनची संस्था परदेशी कामावर साधारण तीन वर्षांसाठी माणसे पाठवते आणि त्यांचा प्रवास, घर, जेवण यांची सोय स्वतः करते. तरुणांसाठी तिचा सुमारे अकरा महिन्यांचा कार्यक्रमही आहे; त्यात मात्र काही निधी स्वतः उभा करावा लागतो. इथे खिशातून जाणाऱ्या पैशापेक्षा न मिळालेला पगार आणि नोकरीतला खंड जास्त जाणवतो. घरी म्हातारे आईवडील किंवा डोक्यावर कर्ज असेल तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

पण खरा निकष मला पैशापेक्षा कामाच्या स्वरूपात दिसतो. काही कामे एका बैठकीत पुरी होतात: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, फाटलेल्या ओठाची दुरुस्ती, किडलेला दात काढणे, पाण्याच्या पंपाची दुरुस्ती. अशा कामात कुशल माणसाचे दोन आठवडेही सोन्याचे ठरतात, अट एवढीच की मागे टाके बघणारे कोणी असावे. 1978 मध्ये सुरू झालेल्या मर्सी शिप्सच्या रुग्णालय-जहाजांवर शल्यविशारद थोड्या आठवड्यांसाठी पदरमोड करून येतात आणि जहाज मात्र महिनोन्‌महिने त्याच बंदरात उभे असते. खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णाला पुढची तपासणी मिळते ती त्यामुळेच.

उलट, दोन दिवसांच्या आरोग्य शिबिरात रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या वाटल्या, तर एकतिसाव्या दिवशी तो माणूस काय करणार? शिक्षण, बाळंतपणातली देखभाल, शेतीतले प्रयोग, व्यसनातून बाहेर येणाऱ्यांची सोबत, नव्या विश्वासणाऱ्यांची, म्हणजे नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची, जडणघडण ही सगळी वर्षांची कामे आहेत. त्यांत पंधरा दिवसांचा पाहुणा फार तर हातभार लावील.

लहान मुलांच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांना मांडीवर घेण्याची सेवा कोणी देऊ केली तर नकार द्या. अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या आश्रमाला मुले घरी परत जाऊ देण्यात रस उरत नाही. जीव लावून निघून जाणारी माणसे एकामागून एक पाहणे मुलांच्या मनाला जाचते. ऑस्ट्रेलियाच्या 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या निमित्ताने आश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीवर उघड चर्चा झाली, ती उगीच नाही.

भाषेचा फरक सांगायलाच नको. दुभाष्यामार्फत आपल्या श्रद्धेची साक्ष देता येते, पण विधवेच्या ओसरीवर बसून तिचे ऐकता येत नाही. आणखी एक गोष्ट जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: तुकडी आली की तिथल्या पाळकांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, आठवड्याची सगळी कामे थांबतात आणि मंडळीतल्या बायका वीस जणांचा स्वयंपाक करतात. पेरणी-कापणीच्या दिवसांत हा पाहुणचार फार जड जातो. दीर्घकाळ राहणारा माणूस सुरुवातीचे काही महिने असाच भार असतो, पुढे तो स्वतःचे पाणी स्वतः भरू लागतो. त्याच्यापुढचा धोका निराळा: एकटेपणाने खचणे, किंवा गावाचा साहेब होऊन बसणे.

कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे. नेपाळमध्ये 2018 पासून अमलात आलेल्या फौजदारी संहितेनुसार धर्मांतर करवण्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. तुम्ही परत याल, पण चौकशी स्थानिक विश्वासणाऱ्यांची होत राहील. पर्यटक व्हिसावर सेवाकार्य चालते का, हेही आधी विचारा. पीतज्वराची लस जिथे सक्तीची आहे तिथे ती प्रवेशाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही काही काळ चालू ठेवायच्या असतात, डॉक्सिसायक्लिन तर चार आठवडे.

मधली वाटही आहे. यूथ विथ अ मिशन या 1960 पासूनच्या चळवळीत सुमारे तीन महिने शिष्यत्वाचे शिक्षण आणि मग दोन-तीन महिने प्रत्यक्ष सेवा असते. देवाचे पाचारण, म्हणजे त्याची हाक, पारखून पाहायला तेवढा काळ चांगला.

हातात कौशल्य आणि पाठीशी कायमचे काम असेल तर छोट्या सहलीला जरूर जा. कौशल्य नसेल आणि तरी जायचेच असेल, तर शिकायला जा, आणि तसे स्पष्ट सांगून जा. मन दीर्घ सेवेकडे ओढत असेल तर भाषेचा अभ्यास आजच सुरू करा. कोणत्याही अर्जावर सही करण्याआधी तिथल्या पाळकांशी थेट बोला, मध्ये आयोजक नको. ही तुकडी तुम्ही बोलावली आहे का, कोणत्या महिन्यात यावे, आम्ही निघाल्यावर हे काम कोण बघणार, एवढे विचारा. ते उत्तर द्यायला घुटमळले तर पैसे भरू नका.