६५ इंची साधा की ५५ इंची चांगला?

ताईचा फोन आला तेव्हा ती दुकानातच उभी होती. बजेट ५० हजारांचं, आणि समोर त्याच भावात दोन टीव्ही: एक ६५ इंची साधा फोर-के एलईडी, दुसरा ५५ इंची क्यूएलईडी, लोकल डिमिंगवाला. "पैसे तेवढेच, मग मोठाच घ्यावा ना?" मी विचारलं, सोफा टीव्हीच्या भिंतीपासून किती फुटांवर आहे? ते तिला सांगता येईना. म्हटलं, मग आज काही घेऊ नकोस. घरी जा आणि टेप लाव.

मागच्या दिवाळीत मी याच दोघांत अडकलो होतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१० इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण टीव्हीचे इंच तिरके मोजतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटीमीटर रुंद भरतो, ६५ इंची १४४. क्षेत्रफळ काढलंत तर ६५ इंची जवळजवळ ४० टक्क्यांनी मोठा. म्हणजे ताईचं म्हणणं अगदीच चूक नाही. फक्त एवढा पडदा त्याच पैशांत देताना कंपनीने हात कुठेतरी आखडलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा पडद्यामागच्या दिव्यांवर.

हे दोन्ही टीव्ही मुळात एलसीडीच. मागे एलईडीचे दिवे, पुढे चित्र घडवणारं पॅनेल. क्यूएलईडीत मध्ये एक जास्तीचा थर असतो, त्याने रंग अधिक शुद्ध दिसतात. नाव सारखं वाटलं तरी ओएलईडीशी, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्या टीव्हीशी, त्याचा संबंध नाही. खरा फरक पडतो तो लोकल डिमिंगने. मागचे दिवे भागाभागांत वाटलेले असतात. चित्रात जिथे अंधार, तिथले दिवे मंद होतात. साध्या टीव्हीत मागचा उजेड सगळीकडे सारखाच, त्यामुळे रात्रीचा प्रसंग आला की काळं आकाश राखाडी दिसतं. सिनेमाच्या वरखाली काळ्या पट्ट्या येतात ना, दिवे घालवून त्याच बघा. पट्ट्या खोलीच्या अंधारात मिसळून गेल्या तर पॅनेल चांगलं. मात्र भाग मोजकेच असतील तर लोकल डिमिंगमध्येही पांढऱ्या सबटायटलभोवती धुरकट वलय दिसतं.

एचडीआर, म्हणजे चित्रातला लख्ख उजेड आणि गडद अंधार दोन्ही ठळक दाखवायची सोय. तिचा शिक्का दोन्ही खोक्यांवर असतो. साधा टीव्ही तो सिग्नल घेतो खरा, पण सूर्याची तिरीप किंवा दिव्याची ज्योत डोळ्यांत भरावी एवढा प्रकाश त्याच्याकडे नसतो. तिथे एचडीआर लिहिलंय म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नये.

आता अंतर. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. फुल एचडीच्या चौपट. पण चांगल्या नजरेच्या माणसालाही ६५ इंची पडद्यावर साडेआठ फुटांपलीकडून या दोघांतला फरक फारसा कळत नाही. डोळ्यांची मर्यादा, दुसरं काही नाही. उलट जुन्या एसडी चॅनेलचं चित्र ५७६ ओळींचं. ते ६५ इंचांवर ताणलं आणि सात फुटांवरून पाहिलं की मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा मेणाचा वाटतो. आपल्याकडे एचडी चॅनेलही १०८० ओळींचेच. घरात दिवसभर केबल चालत असेल तर मोठा पडदा जवळून बघण्यात मजा नाही. ओटीटीवर फोर-के हवं असेल तर नेटफ्लिक्सचा सगळ्यात महागडा प्लॅन लागतो, शिवाय किमान १५ एमबीपीएसचं नेट. हा खर्च ५० हजारांत कोणी धरत नाही.

माझा ढोबळ हिशोब असा: सोफा सात-आठ फुटांवर असेल तर ५५, दहा फुटांच्या पुढे असेल तर ६५. मधल्यांनी खिडकीकडे बघावं. टीव्हीसमोर बाल्कनी असेल आणि दुपारी मॅच बघायची असेल, तर मंद दिव्यांच्या ६५ इंची पडद्यावर फलंदाजापेक्षा तुमचा वाळत घातलेला टॉवेल जास्त स्पष्ट दिसेल. आमच्याकडे हेच होत होतं.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. पॅनेल दोन जातींचं असतं. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद, पण बाजूने पाहिलं की चित्र फिकं पडतं. आयपीएस बाजूनेही बरं दिसतं, पण त्याचा काळा रंग तेवढा काळा नाही. आमची आई दिवाणाच्या टोकाला बसून तिरकं बघते. म्हणून मी दुकानात टीव्हीच्या अगदी कडेला जाऊन उभा राहिलो. सेल्समनला वाटलं, मी किमतीचा टॅग शोधतोय.

दुकानातल्या चित्रावर तर विश्वासच ठेवू नका. ट्यूबलाइटच्या लखलखाटात टीव्ही सगळ्यात भडक मोडवर असतो आणि मोर-धबधब्यांचा फोर-के व्हिडिओ चालू असतो. त्यावर कुठलाही टीव्ही देखणा दिसतो. "सिनेमा मोड लावा आणि साधं केबलचं चॅनेल दाखवा," म्हणायला लाजू नका. सवलतीच्या पाटीलाही भुलू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. ही सूट सरकारची, दुकानदाराची मेहेरबानी नव्हे.

विजेचा फार विचार नको. १५० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट होतात. आवाज दोन्हींचा बेताचाच.

सर्व्हिस सेंटर मात्र गावात आहे का, ते आधी बघा. माझ्या आधीच्या ४३ इंचीच्या मागच्या दिव्यांची पट्टी तिसऱ्या वर्षी गेली. अर्धा पडदा काळा. वॉरंटी एक वर्षाची, सर्व्हिस सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात. शेवटी गल्लीतल्या मेकॅनिकने पट्टी बदलली. तेव्हापासून वाढीव वॉरंटीचे पैसे मी कुरकुर न करता भरतो.

मी ५५ घेतला. सोफा साडेसात फुटांवर, समोर बाल्कनी, आणि भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची. तिच्यावर अवजड खोकं टांगायला जीव धजावत नव्हता.

ताईचा मेसेज रात्री आला. अंतर साडेअकरा फूट, खिडकी टीव्हीच्याच भिंतीत, बघणारी दोघंच आणि तीही जेवणानंतर. म्हटलं, डोळे झाकून ६५ घे. फक्त त्याचे पाय दोन टोकांना असतात, तेव्हा ठेवायची जागा मोज. तिच्या शोकेसमधला टीव्हीचा कप्पा साडेचार फुटांचा निघाला, म्हणजे १३७ सेंटीमीटर. शोकेस सागवानी, दाजींच्या वडिलांनी करून घेतलेलं. दाजी म्हणतात, टीव्ही बदला, शोकेसला हात लावायचा नाही.